चौथा वाटा

लवूकाकांनी ते हत्यार दोन्ही हातांवर तोललं, उलटं करून पाहिलं, नाकाशी नेऊन त्याचा वास घेतला आणि विचारलं, "ह्येका आवाज नाय?"

"न्हाई ओ काका," भोईटे म्हणाला. "तोच तर फायदा. बंदूक एकदा वाजली की सगळा कळप डोंगरापार. ह्याला दोरीचा फटका वाजतोय तेवढाच. अंगणातला माणूस ऐकंल, शेजारचा न्हाई."

लवूकाकांनी हत्यार हळूच ओटीवर ठेवलं, झोपलेलं मूल आईकडे परत द्यावं तसं.

"आवाज नाय, तर वाटो कोणाक देवचो?"

भोईट्याने माझ्याकडे पाहिलं. तो सांगलीकडचा विक्रेता. त्याला काय कळणार? मी हसून म्हटलं, "बरंच झालं की काका. फुकटखाऊ कमी होतील."

काका हसले नाहीत.

आमच्या बाजूला पारधीचा एक नियम आहे. बंदुकीचा बार ज्याच्या कानावर पडला, त्याचा त्या जनावरावर हक्क. बार ऐकून धावत सुटला आणि जनावर फोडायच्या आत पोचला, की त्याला वाटा मिळणारच. मग तो रान उठवायला आलेला गडी असो नाहीतर शेजारच्या गावाहून लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेला पाहुणा. या नियमापायी मी भल्याभल्यांना धोतर सावरत डोंगर चढताना पाहिलंय. एरवी ही माणसं मयताला पोचायलाही रिक्षाची वाट बघतात.

मला हे सगळं ठाऊक असायचं कारण म्हणजे माझं दुकान. नवरा गेल्यावर तालुक्याच्या बाजारातलं काडतुसांचं दुकान मी चालवत होते. शेतीच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना आमच्याकडे बऱ्याच घरांत. कोण किती काडतुसं नेतो आणि किती डुकरं मारल्याचं सांगतो, यातली वजाबाकी मला तोंडपाठ होती. आमच्या तालुक्यात रानात मरतात त्याहून जास्त डुकरं माझ्या दुकानातल्या बाकावर मरायची. चहा पाजला की अजून एखादं मरायचं.

लवूकाका धुरी त्या बाकावर कधी बसले नाहीत. आंबेखोलहून यायचे, काडतुसं घ्यायचे, निघायचे. मोजकं बोलणं, मोजकी खरेदी. सगळा तालुका त्यांच्या नेमाची शपथ घ्यायचा. पण या हिशेबी माणसाची एक गोष्ट माझ्या हिशेबात कधी बसली नव्हती. दर पारधीला त्यांना दोन काडतुसं लागत. एकात जनावर पडायचं. दुसरं ते आभाळात उडवायचे.

"काका, आभाळातलं काय पाडता?" मी दरवेळी विचारायची.

"लांबच्यांक आयकाक जावक होया," ते म्हणायचे.

लांबचे ऐकायचे, धावत यायचे आणि काकांच्याच वाट्यातलं खाऊन जायचे. जनावर पडल्यावर काका ते लगेच फोडूही देत नसत. डोंगराकडे तोंड करून बसून राहत. लोक म्हणत, दिलदार माणूस. मी मनात म्हणे, दिलदार माणूस पाच रुपयांच्या सुट्ट्यासाठी माझ्या पायरीवर अर्धा तास थांबत नाही. यात काहीतरी निराळं आहे.

त्या वर्षी दोन निवडणुका पाठोपाठ आल्या. निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा. डुकरांना मत नसलं तरी आचारसंहितेचा खरा फायदा त्यांनाच. बागायती उकरून निघाल्या आणि माझ्या दुकानात काडतुसांवर बुरशी धरायची वेळ आली. माझा दीर रोज संध्याकाळी येऊन दुकानाची लांबी-रुंदी पावलांनी मोजत असे. "वयनी, जग बदलला. आता लोकांक मोबाइल होये. आवाज काय नुसतो बंदुकीचोच असता?" त्याचं एकच म्हणणं होतं: दिवाळीपर्यंत दुकान चाललं तर चालव, नाहीतर चावी माझ्याकडे दे.

अशात हा रणजित भोईटे आला. खांद्याला लांब कापडी पिशवी, तिच्यात ते धनुष्य. बंदुकीसारखा दस्ता, पुढे आडवी दोन पाती, मधे जाड दोरी, खाली चाप. क्रॉसबो. किंमत एका बऱ्यापैकी मिक्सरएवढी. सगळ्या जिल्ह्याची एजन्सी मला द्यायला तो तयार होता, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हो की नाही ते हवं होतं. नाहीतर पुढे कणकवलीला एक जण वाट बघत होता. पोलीस ठाण्यातल्या हवालदाराला मी ते दाखवून आले. त्याने उलटसुलट करून मलाच विचारलं, "वयनी, ह्येच्यात दारू खंय भरतत?"

लवूकाकांनी एकदा 'बरा असा' म्हटलं, की तालुक्यातल्या निम्म्या बंदूकवाल्यांना मी ते विकू शकत होते. 'नाय' म्हटलं, की चावी दिराच्या हातात. म्हणून भोईट्याला घेऊन मी आंबेखोलला आले होते. काकांकडे डुकरासाठी वनखात्याचा परवाना होता. बंदूक तेवढी पोलिसांकडे होती. हत्याराचा कस लावायला याहून चांगलं गिऱ्हाईक मिळालं नसतं.

"बायल माणूस पारधीक?" वाटेत भेटलेल्या एकाने कुरकुर केली होती. काका म्हणाले, "काडतुसा हीच देता मरे. येवंदे."

आम्ही बागायतीत उतरलो. पोफळी, केळी, खाली पाण्याचा पाट, पलीकडे सुरणाचा मळा आणि मळ्याच्या टोकाला वाहता व्हाळ. व्हाळापलीकडे लगेच रान चढतं. घड काढून झालेली एक जाडजूड केळ काकांनी नेमासाठी दाखवली.

भोईटे मला आवडला, तो इथे. त्याने हत्याराचे गुण सांगायच्या आधी खोडी सांगितल्या.

"काकी, खोटं सांगून विकत न्हाई मी. परत ह्याच रस्त्यानं यायचं असतंय. ही दोरी लवकर झिजती. मेण लावत राहायचं. चाप जरा घट्ट हाय. स्क्रू ढिलं हुत्यात, महिन्यातनं एकदा आवळायचं. आणि सगळ्यात मोठं म्हंजे—" त्याने दोरी न ओढताच चापावर बोट ठेवलं. "बाण लावल्याबिगर हे कधी सोडायचं न्हाई. बाण असला की जोर बाणासंगं जातोय. नसला की सगळा जोर पात्यांवर येतोय. चिरा पडत्यात. गिऱ्हाइकाला हे पाठ करून घ्या, न्हाईतर बोंब माझ्या नावानं."

"आणि बाण परत वापरता येतो?" मी विचारलं.

"येतोय की. काढायचा, पुसायचा, परत लावायचा."

"मग रे बाबा, गिऱ्हाईक दुसऱ्यांदा दुकानात कशाला येईल?"

"दोरीला," भोईटे म्हणाला. आम्ही दोघेही हसलो. धंदा कळणारी माणसं एकमेकांना लगेच ओळखतात.

पुढच्या लोखंडी कडीत पाय घालून दोन्ही हातांनी दोरी ओढायची. मला ती अर्ध्यावर आणता आणता घाम फुटला. काकांनी दातओठ खाऊन ओढली. भोईट्याने हुकाची दोरी दिल्यावर मात्र सहज जमली. भोईट्याचा बाण केळीत घुसून पलीकडे टोक काढून थांबला. माझा एका पोफळीत रुतला. त्या पोफळीने माझं काही केलेलं नव्हतं. मग काकांनी धरलं. श्वास सोडला, तो अर्ध्यात अडवला आणि चाप दाबला.

फट्.

ओल्या टॉवेलचा झटका द्यावा तेवढाच आवाज. बाण भोईट्याच्या बाणाला खेटून बसला होता.

"थेट जाता," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून ही स्तुतीच. माझ्या डोक्यात दुकानाची पाटी नव्याने रंगायला लागली.

काका मात्र केळीकडे बघत नव्हते. ते व्हाळापलीकडे पाहत होते. मान जरा कलती करून. पारधीनंतर बसत तसे.

दिवस कलला. पोफळीच्या शेंड्यांवर ऊन होतं आणि खाली गारवा उतरायला लागला होता, तेव्हा सुरणाच्या मळ्यात पानं हलली. एकटंच होतं. मोठं, काळं, मातीने माखलेलं. काकांनी आम्हाला हाताने खाली बसवलं. मी इतक्या वर्षांत हजारो काडतुसं विकली, पण एखादं जनावर मरताना पाहण्याची माझी ती पहिली वेळ.

फट्.

डुक्कर उडी मारून वळलं, मळ्यातून सरळ धावत गेलं. आम्ही रक्ताच्या थेंबांमागे गेलो. व्हाळाच्या कडेला ते आडवं झालं होतं. एक पाय पाण्यात.

"एकाच बाणात!" भोईटे मला हळूच म्हणाला. "काकी, ही गोष्ट दुकानात सांगायला तुम्हाला पुरंल."

"सांगायला माझ्याकडे माणसं आहेत. आता खरी गोष्ट मिळाली म्हणून बिथरतील."

काकांनी रानाच्या राखणदाराच्या नावाने पाणी सोडलं, त्याचा तुकडा काढून दगडावर ठेवला आणि मला म्हणाले, "वयनी, तीन पाना काढ. आपण तिघाच."

मी सागाची तीन पानं तोडून आणली आणि शेजारी शेजारी मांडली. काका कोयत्याने फोडायला बसले.

आवाज कधी गेला ते मला सांगता येणार नाही. भोईटे खोकला तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्याने तोंडावर मूठ धरली, खांदे हलले, आणि ऐकू काहीच आलं नाही. मला वाटलं, माझ्या कानात दडे बसले. मी "भोईटे" अशी हाक मारली. ती घशात जाणवली. कानांत आली नाही. समोर व्हाळाचं पाणी दगडांवरून पांढरं होऊन पडत होतं, मुकाट. काकांचा कोयता हाडावर बसला. हाड दुभंगलेलं दिसलं तेवढंच. एक रातकिडा नाही, पान नाही. भोईटे कानांत करंगळ्या घालून जोरजोराने हलवत होता. त्याचे ओठ काहीतरी विचारत होते आणि त्याच्या डोळ्यांत जे होतं, ते माझ्याही डोळ्यांत असणार.

काकांना एकट्यालाच नवल वाटलेलं नव्हतं. त्यांनी कोयता खाली ठेवला, हात लुंगीला पुसले आणि मान वर केली.

पलीकडच्या मेरेवर, उंच बांधावर, एक माणूस उभा होता.

तिशीचा असेल. निळी अर्धी विजार, खांद्यावर फाटलेली गंजी, केस कपाळाला चिकटलेले. लांबून धावत आल्यासारखा धापा टाकत होता. मी आधी त्याचे पाय बघितले. सरळ होते. मग सावली बघितली. त्या वेळी आमच्यापैकी कोणाचीच पडत नव्हती, त्यामुळे तो पुरावा बाद. त्याने आमच्याकडे बघून उजवा तळवा छातीवर थापटला. एकदा, मग पुन्हा.

त्याने थापटलं की माझ्या छातीत धक्का बसत होता. जवळून बार झाला की बसतो तसा, आतून, बरगड्यांवर.

काकांनी आपल्या कानाला बोट लावलं, त्याच्याकडे केलं आणि भुवया उंचावल्या. ऐकलंस?

त्याने हसून जोरजोराने मान हलवली. पुन्हा छाती थापटली.

काका उठले. स्वतःच सागाचं चौथं पान तोडलं, तिन्ही पानांच्या पुढे मांडलं. मारणाऱ्याचा मान म्हणून मुंडी आणि पुढचा पाय असतो, तो सगळाच्या सगळा त्यांनी त्या पानावर ठेवला. मग स्वतःच्या वाट्यातला निम्मा. पान दोन्ही हातांत धरून ते व्हाळात उतरले, पाण्यातून पलीकडे गेले आणि ते त्याच्या हातांत दिलं. हात लगेच सोडले नाहीत. पानाखाली चार हात तसेच थोडा वेळ राहिले. काकांनी एका हाताने आणखी काहीतरी खुणावलं, भरभर, बोटं आणि मनगट. मला त्यातलं एवढंच कळलं की ही त्या दोघांची जुनी भाषा आहे आणि काका ती काडीमात्र विसरलेले नाहीत.

तो माणूस पान सांभाळत मेर चढला. वर एक मोठा कुंभ्याचा वृक्ष होता. तो त्याच्या मागे गेला. दुसऱ्या बाजूने बाहेर आला नाही.

मग पाणी एकदम कानांवर कोसळलं. रातकिडे, पानं, लांब कुठेतरी कुत्रं, आणि भोईट्याचा ओरडण्यासारखा आवाज, "—येतंय का? काकी! ऐकू येतंय का?"

"येतंय," मी म्हणाले. "ओरडू नकोस."

"काय झालतं ओ? हवेचा दाब का काय असतंय ते?" तो पाण्यातून परतणाऱ्या काकांकडे बघत होता. "आणि ते कोण हुतं काका?"

"माझो भाव."

"मुके हायत व्हय?"

"बहिरो."

"लईच तरुण दिसत्यात तुमच्यापेक्षा," भोईटे म्हणाला. हळूहळू त्याने आपली कापडी पिशवी छातीशी घेतली.

लवूकाकांना भाऊ होता हे मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. ते दगडावर बसले. कोयता धूत धूत, आमच्याकडे न बघता, सांगायला लागले.

"झिलू. धाकटो. ल्हानपणी तापान कान गेले. पण बार झालो काय तेका समजा. कसा? हंय." त्यांनी छातीवर हात ठेवला. "हंय धक्को बसता म्हणा. सगळ्यांच्या मागसून धावत येय. लोक मस्करी करीत, काय रे, आयकलंस? तो मान हालय. सगळे हसत आणि वाटो देत. कोण नाय म्हणा नसत."

"मग?"

"एका वर्सा जनावर ल्हान आणि माणसा जास्त. वाटे करूक मी बसलेलंय. झिलू इलो. कोणतरी म्हणालो, नियम तो नियम. ह्येणां आयकाक नाय, ह्येका वाटो कसो? सगळे माझ्याकडे बघूक लागले. मी नेमाचो माणूस मरे." काकांनी कोयता पाण्यात पुन्हा बुडवला, तो केव्हाच स्वच्छ झाला होता. "मी देवक नाय. तो उभो रवलो, छाती थापटत. आयकलंय, आयकलंय म्हणान. मगे गेलो."

भोईटे पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होता.

"फुडच्या पारधीक तो आमच्या आधीच रानात जावन बसलो. पयलो पोचूक होया म्हणान. घरातल्यांक तसा सांगान गेलो. बार झालो. सगळो गाव इलो. तो येवक नाय. आठवडोभर रान धुंडाळला. कोयतो गावलो. तो नाय गावलो."

"म्हणून दुसरा बार," मी म्हणाले.

काकांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "मी आपलो आवाज वाढयत रवलंय, वयनी. बहिऱ्यासाठी."

उजेड कमी होत चालला होता. आम्ही तिघांनी आपापली पानं उचलली.  ओटीवर आल्यावर काकांनी हत्यार पुन्हा हातात घेतलं आणि दुकानदाराला सांगावं तसं मला नीट सांगितलं. कारण मी ते विचारायला आले होते आणि काका कोणाचं येणं वाया घालवणारे नव्हते.

"हत्यार बरा असा. थेट जाता. म्हाताऱ्यांक ओढूक जड, दोरी हलकी, दाम वाजवी. कोणी इचारला तर मी ह्याच सांगतलंय, खोटा सांगूचंय नाय." मग थांबून म्हणाले, "पण वयनी, तू इकू नको."

"का काका?"

"एक माझो झिलूच काय? प्रत्येक गावात कोण ना कोण असा, ज्येका वाटो गावाक नाय. आमच्या बंदुकीचो आवाज तेंका पोचणा नाय, म्हणान आमका झोप लागता. ह्येचो पोचता. घराघरात ह्या गेला आणि एकेक जण येवन मेरेर उभो रवाक लागलो, तर वाटे पुरतले काय?"

परतीच्या एसटीत भोईटे माझ्या शेजारी बसला होता आणि मी सवयीने हिशेब करत होते. कोण कोण विकत घेईल याची यादी मी येतानाच मनात केली होती. तीच आता उलट्या बाजूने वाचत होते. ज्या गुरुजींनी वाटणीच्या वेळी विधवा बहिणीला परसातला गोठा दाखवला, ते गुरुजी. ज्याच्या मुंबईच्या भावाचं नाव सातबाऱ्यावरून गळलं आणि ज्याला ते कसं गळलं हे अजून आठवत नाही, तो सरपंच. पहिल्या बायकोचा मुलगा परागंदा झालेला तो बागायतदार. सगळी माझी रोखीची गिऱ्हाइकं. त्यांच्या बागायतींच्या कडेला कोण कोण धापा टाकत येऊन उभं राहील, ते मला नावांनिशी दिसत होतं.

"भोईटे," स्टँड आल्यावर मी म्हणाले, "एजन्सी नको."

"मी तरी कुठं विचारलं, काकी?" तो म्हणाला. त्याची कापडी पिशवी रिकामी होती. हत्यार, बाण सगळं तो काकांच्या ओटीवर ठेवून आला होता. "माझ्या पगारातनं कापून घेऊ देत. ते परत घेऊन एसटीत बसायचं माझ्यानं झालं नसतं."

दिवाळीला मी चावी दिली. दुकानाच्या अर्ध्या भागात दिराचे मोबाइल आले, उरलेल्या अर्ध्यात मी रिचार्जची गादी सांभाळू लागले. बाक मी तसाच ठेवला. डुकरं मरायची थांबली. आता लोक त्यावर बसून मोबाइलवर जागांचे भाव पाडत.

निवडणूक संपल्यावर सगळ्यांनी बंदुका सोडवून आणल्या. लवूकाका गेलेच नाहीत. हवालदार दोनदा निरोप देऊन थकला. काका माझ्याकडे मात्र यायचे. भोईटे न सांगता सांगलीहून दोरी पाठवायचा आणि ती मी त्यांना द्यायची. इतक्या लवकर दोऱ्या कशा झिजतात हे मला कोडं होतं.

"काका, रानात एखादं तरी डुक्कर ठेवलंत की नाही?"

ते हसायचे. त्या दिवसानंतर काका हसायला लागले होते, हे माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं.

गेल्या वर्षी ते गेले. नव्वदीला टेकले होते. तेरावं झाल्यावर काही दिवसांनी त्यांची सून प्रणाली गोणपाटात काहीतरी गुंडाळून दुकानात आली. बाकावर बसली. मी गोणपाट उघडलं.

जुन्या सवयीने मी आधी माल तपासला. दोरीचे धागे सुटून कापसासारखे फुगले होते. दोन्ही पात्यांना मुळापासून चिरा गेल्या होत्या, बारीक, खूप. मग बाणांचा जुडगा सोडला. भोईट्याने ठेवलेले सगळेच्या सगळे होते. नेमबाजीला वापरलेले आणि डुकराला लागलेला एक सोडला, तर बाकीच्यांच्या टोकांवर कारखान्याचं तेल अजून तसंच होतं, धूळ खाऊन काळं झालेलं.

मला भोईट्याचे शब्द आठवले: बाण लावल्याबिगर हे कधी सोडायचं न्हाई.

"प्रणाली, काका पारधीला जायचे?"

"खंयची पारध, वयनी? सगळा सोडल्यानी होता. तिन्हीसांज झाली काय आपला पान वाढून घेयत आणि ह्या हत्यार घेवन व्हाळार जायत. फट् करून आवाज येय. पान घेवन परत येयत तेव्हा रिकामा."

"तू कधी बघायला गेलीस?"

"एकदा गेलंय. कानात दडे बसले. तशीच परत इलंय."

ती समोरच्या मोबाइलच्या जाहिरातीकडे वळली. मग पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "आता रोज मेरेर येवन उभे रवतत. खाली येणत नाय. बोलवल्याबगर येवक तेंका बरा दिसणा नाय असतला."

"कोण उभे राहतात?"

"दोघे. एकाक मी ओळखूक नाय, छातीर हात घेवन असता. दुसऱ्याच्या अंगात मामंजींचो सदरो असा." तिने ते हत्यार माझ्याकडे सरकवलं. "वयनी, दोरी तेवढी बदलून दी मा."

गादीखालच्या खणात भोईट्याची शेवटची दोरी पडून होती. मी ती काढली, पुन्हा त्या चिरांकडे पाहिलं.

"अगो, पाती गेली आहेत. दोरी लावली तरी ह्याच्यातून आता बाण सुटायचा नाही."

"बाण कोणाक होयो, वयनी?" ती म्हणाली.